लॅपटॉप जागा होताना सेकंद कुठे जातात

पॉवरचं बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट दिसेपर्यंतचा बराचसा वेळ लॅपटॉप काहीच करत नसतो. प्रोसेसर रिकामा असतो, डिस्कवर हालचाल नसते, आणि कुठला तरी ड्रायव्हर, म्हणजे एखादं यंत्र चालवणारा प्रोग्राम, कुठल्या तरी चिपच्या उत्तरासाठी थांबलेला असतो. ड्रायव्हरचं काम करणाऱ्या सगळ्यांनी हे ऐकलेलं असतं. मला ते नीट उमगलं ते एका स्वस्त लॅपटॉपच्या मॉडेलवर लिनक्स बसवून देण्याचं काम आमच्या पुण्यातल्या टीमकडे आलं तेव्हा.

काम आलं ते दोन तक्रारी बरोबर घेऊन. पहिली अशी की आधीच्या, कमी ताकदीच्या मॉडेलपेक्षा हे नवं मशीन उशिरा सुरू होतं. दुसरी टचपॅडबद्दल होती. झाकण उघडलं की पडदा लगेच उजळतो, पण बाण दोनेक सेकंद जागचा हलत नाही. हे लॅपटॉप शाळांमध्ये जाणार होते. समोर भरलेला वर्ग असताना शिक्षक झाकण उघडतात, बाण हलत नाही म्हणजे मशीन अडकलं असं समजतात आणि पॉवरचं बटण दाबून धरून ते सरळ बंद करतात. मग पुन्हा पहिल्यापासून बूट, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइली गेल्या त्या वेगळ्या. दोन सेकंदांचं दुखणं असं तासाच्या मुळावर येतं. त्यामुळे मला दुसरी तक्रार पहिलीपेक्षा गंभीर वाटत होती.

मोजल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, ही आमच्या टीम लीड मॅडमची पहिली अट. त्यांनी सुरुवातीलाच २००८ सालचं उदाहरण दिलं. पोर्टलंडच्या लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये आर्यन व्हॅन द व्हेन आणि औके कोक या इंटेलमधल्या दोन अभियंत्यांनी आसूसचा छोटा ईई पीसी ५ सेकंदांत बूट करून दाखवला होता. मॅडमना त्यातली हिशेबाची पद्धत आवडते. ‘जमेल तेवढं कमी करू’ असं न म्हणता त्यांनी आधी पाच सेकंद वाटून टाकले: कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, १, सुरुवातीच्या सेवांना १, ग्राफिक्सच्या सर्व्हरला १ आणि डेस्कटॉपला २. ज्याचा वाटा ओलांडला जाईल तिथे खोदायचं. आम्हीही तसाच वाटा ठरवला. कर्नलने दीड सेकंदात आपलं काम संपवायचं, आणि झाकण उघडल्यावर अर्ध्या सेकंदात बाण हलला पाहिजे.

सिस्टमडी-ॲनलाइज ही आज्ञा दिली की एका ओळीत हिशेब मिळतो: फर्मवेअर (मदरबोर्डमधला पहिला प्रोग्राम) इतका, लोडर (कर्नल मेमरीत आणणारा) इतका, कर्नल इतका, यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) इतका. यातला फर्मवेअरचा आकडा मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या हातात असतो, आपण तो फक्त नोंदवून ठेवायचा. याच साधनाची ‘ब्लेम’ नावाची यादी नवख्याला फसवते. तिच्यात सगळ्यात वर असलेली सेवा सगळ्यात दोषी दिसते, पण सेवा एकाच वेळी चालू होत असतात, त्यामुळे चार सेकंद घेणारी सेवा कुणालाच अडवत नसेल तर तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही. कोण कुणाची वाट बघतंय हे पाहायचं असेल तर ‘क्रिटिकल-चेन’ बघायची. आमच्या मशीनवर यूजरस्पेस ठीक होता. वाटा ओलांडला होता कर्नलने, चांगला दुपटीहून जास्त.

कर्नलच्या आत बघायला इनिटकॉल-डीबग नावाचा पर्याय आहे. तो बूटच्या ओळीत घातला की प्रत्येक ड्रायव्हरच्या सुरुवातीचं काम कधी सुरू झालं आणि किती मायक्रोसेकंदांनी परतलं, याची नोंद लॉगमध्ये येते. नोंदी इतक्या होतात की लॉगची जागा अपुरी पडते आणि पहिल्याच ओळी पुसल्या जातात, म्हणून लॉगबफर आधी १६ मेगाबाइटपर्यंत वाढवून घ्यायचा. आणि ‘क्वाएट’ हा पर्याय काढायचा नाही. तो काढला की ओळी पडद्यावर रंगवल्या जातात, त्या रंगवण्याला वेळ लागतो, आणि आपण ड्रायव्हरऐवजी आपल्याच छपाईचा वेळ मोजत बसतो. कर्नलच्या सोर्समध्ये बूटग्राफ नावाची एक जुनी पर्ल स्क्रिप्ट आहे. तिला हा लॉग दिला की आडव्या पट्ट्यांचं चित्र तयार होतं.

ते चित्र मी छापून टेबलासमोर लावलं. बहुतेक पट्ट्या केसासारख्या बारीक होत्या. मोजक्याच चारपाच लांब होत्या, आणि त्यांच्या वेळात प्रोसेसरच्या सगळ्या कोअर जवळजवळ निवांत होत्या. म्हणजे जास्त वेगवान प्रोसेसर घातला असता तरी त्या पट्ट्या तेवढ्याच राहिल्या असत्या. आधीच्या कमी ताकदीच्या मॉडेलपेक्षा हे मशीन मागे का पडतं, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

सगळ्यात ठळक गोष्ट मात्र पट्टी नव्हती, लॉगमधली पोकळी होती. एका ओळीनंतर जवळपास पूर्ण एक सेकंद काहीच नाही. मग टचपॅडच्या ड्रायव्हरचा इशारा: यंत्राने १००० मिलिसेकंदांत रीसेटची पोच दिली नाही. आणि त्याच्या लगेच पुढे कर्नलने सुरुवातीपुरती घेतलेली मेमरी सोडल्याची ओळ आणि इनिट हा पहिला प्रोग्राम सुरू झाल्याची ओळ. अख्खा लॅपटॉप टचपॅडसाठी सेकंदभर थांबला होता.

इथे टचपॅड कसा जागा होतो ते सांगायला हवं. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधला टचपॅड आयटूसी नावाच्या दोन तारांच्या बसवर बसलेला असतो. त्यावरून बोलण्याची रीत मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या वेळी, जाहीर केली. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर पुढच्या वर्षी ३.८ कर्नलमध्ये आला. एसीपीआयच्या तक्त्यात (फर्मवेअर कर्नलला यंत्रांची माहिती देतं तो तक्ता) अशा यंत्राची खूण पीएनपी०सी५० अशी असते. ड्रायव्हर आधी त्या पत्त्यावर कुणी आहे का बघतो, ३० बाइटचं वर्णन वाचतो, ‘जागा हो’ ही आज्ञा देतो, थोडा थांबतो आणि मग रीसेटची आज्ञा देतो. रीसेट पूर्ण झाला की यंत्राने इंटरप्टची, म्हणजे लक्ष वेधण्याची, तार ओढून दोन शून्य बाइट द्यायचे असतात. ती पोच. आमचा टचपॅड ती देतच नव्हता.

पोच येत नाही की येऊनही आपल्याला ऐकू येत नाही, हे आधी ठरवायचं होतं, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. लॅपटॉप उघडून बारीक तारांवर प्रोब लावण्याआधी कर्नलमधल्याच सोयी वापरल्या. आयटूसीचे ट्रेस चालू केले की बसवरचं प्रत्येक वाचन आणि लिखाण वेळेसकट दिसतं. दुसरीकडे इंटरप्टचा मोजणी-आकडा बघत राहिलो. रीसेटची आज्ञा गेल्यावर आकडा तसाच राहिला. टचपॅडवर बोट ठेवलं की भराभर वाढू लागला. तार चांगली होती, तिची जोडणी एसीपीआयमध्ये बरोबर लिहिलेली होती, आपला ड्रायव्हर ऐकत होता. यंत्रच पोच देत नव्हतं.

असे टचपॅड आधीही निघाले आहेत. ड्रायव्हरमध्ये त्यांच्यासाठी एक छोटा तक्ता आहे. ज्याच्या निर्मात्याचा आणि उत्पादनाचा क्रमांक त्यात असेल, त्याच्या पोचेची वाट न बघता ड्रायव्हर फक्त १०० मिलिसेकंद थांबतो. आमचा क्रमांक तिथे घातला आणि ती पोकळी एक दशांश झाली.

माझ्या सोबत काम करणारी मुलगी एवढ्यावर थांबायला तयार नव्हती. तिचा डोळा ‘जागा हो’च्या आज्ञेनंतरच्या थांब्यावर होता. तो ६० मिलिसेकंदांचा आहे. तिने तो १ मिलिसेकंद करून पाहिला आणि आमचा टचपॅड उत्तम चालला.

“मॅडम, हाही काढून टाकूया ना,” ती म्हणाली. “पन्नास-साठ मिलिसेकंद फुकट जातायत. झाकण उघडताना पुन्हा तेवढेच.”

“अगं, आधी त्याच्या वरची कॉमेंट वाच,” मॅडम म्हणाल्या, “आणि मग सांग फुकट जातायत का.”

ती कॉमेंट मला आजही महत्त्वाची वाटते. नियमपुस्तकाप्रमाणे यंत्राला उठायला वेळ हवा असेल तर त्याने घड्याळाची तार स्वतःच धरून ठेवायची असते, वेगळा थांबा लागू नये. पण विंडोजचा ड्रायव्हर रीसेटच्या आधी १ मिलिसेकंद थांबतो असं कुणीतरी मोजून पाहिलं. गुडिक्स या टचपॅड बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यानुसार विंडोज ६० मिलिसेकंदही थांबतो. आणि कितीतरी यंत्रं या थांब्याशिवाय नीट चालत नाहीत, हे चाचण्यांतून दिसलं. हे सगळं त्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे त्या ६० या आकड्यामागे जगभरातल्या अनेक लॅपटॉपवरचे मेलेले टचपॅड आहेत. आमच्या एका मॉडेलवर १ चालतो म्हणून सगळ्यांचा ६० काढायचा अधिकार आम्हाला नाही.

असे आकडे कर्नलमध्ये ठिकठिकाणी आहेत. साटा या जोडणीच्या डिस्क सांभाळणाऱ्या लायब्ररीत दुवा जागा केल्यावर २०० मिलिसेकंदांचा थांबा आहे, कारण काही चिप लगेच विचारणा केली तर बिथरतात. कुणीतरी त्यावर पुढे चांगला मार्ग काढला. थांबा तसाच ठेवला, पण ज्या कंट्रोलरला त्याची गरज नाही हे तपासून झालं आहे, त्यांच्यासाठी तो वगळण्याची एक खूण आणली. आमच्या तक्त्यातल्या नोंदीचंही तेच तत्त्व. सगळ्यांचा वेग वाढवायला गेलं की कुणाचं तरी मशीन बंद पडतं. एका क्रमांकापुरता वाढवला तर जबाबदारी आपली आणि मोजलेलीही आपणच. ६० ला कुणीही हात लावला नाही.

आता खरा प्रश्न. हा ड्रायव्हर असिंक्रोनस आहे. त्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे की त्याची सुरुवात बाजूच्या धाग्यात केली तरी चालेल. मग टचपॅडच्या एका सेकंदाने सगळं बूट का अडलं? कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कणीक मळून व्हायला हवी होती, तर आमचा कर्नल कुकरसमोरच उभा होता.

ही सोय मुळात २००९ सालची. ५ सेकंदांचं प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या व्हॅन द व्हेन यांनीच कर्नलमध्ये असिंक्रोनस कामांची यंत्रणा आणली, ती २.६.२९ मध्ये आली. प्रत्येक ड्रायव्हरला ‘मला बाजूला चालवा’ असं स्वतःहून सांगता येण्याची सोय २०१५ मध्ये ४.२ कर्नलमध्ये झाली. पण कर्नलची सुरुवात संपून पहिला प्रोग्राम चालू होण्याच्या आधी एक अडसर आहे. सुरुवातीपुरता लागणारा कोड मेमरीतून काढून टाकायचा असतो, आणि बाजूला चाललेलं एखादं काम अजून तोच कोड वापरत असेल तर तो पायाखालून काढून घेतल्यासारखं होईल. म्हणून कर्नल तिथे थांबतो आणि बाजूची सगळी कामं संपल्यावरच पुढे जातो. ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच बांधलेला असेल तर असिंक्रोनस असूनही त्याचा थांबा या अडसरापाशी सगळ्यांना भोवतो. आमच्याकडे आलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये सगळं पोटात बांधलेलं होतं. इनिट-आरडी (सुरुवातीचे ड्रायव्हर ठेवलेली तात्पुरती फाइलसिस्टिम) लागू नये, बूट लवकर व्हावं, असा त्यामागे कुणाचा तरी चांगला विचार होता.

उपाय म्हणजे डिस्क, फाइलसिस्टिम आणि कीबोर्ड पोटात ठेवून बाकीचे ड्रायव्हर मॉड्यूल करायचे, म्हणजे नंतर वेगळे चढवता येतील असे. मॉड्यूल मग यूडेव्ह ही सेवा आपल्या क्रमाने एकाच वेळी चढवते, आणि टचपॅड तयार होत असताना लॉगिनची तयारीही चालू राहते. लॉगिनची चौकट दिसेपर्यंत टचपॅड जागा झालेला असतो, एवढंच माणसाला हवं असतं.

हे करताना क्रमाचा गुंता समोर आला. टचपॅडला इंटरप्टसाठी जीपीआयओ कंट्रोलर (चिपच्या सुट्या तारा सांभाळणारा) लागतो, बोलण्यासाठी आयटूसी कंट्रोलर. यातलं काही अजून चढलेलं नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर उणे ५१७ हा क्रमांक देऊन परततो. त्याचा अर्थ ‘आता नको, नंतर विचारा’. २०१२ च्या ३.४ कर्नलपासून ही पद्धत आहे आणि ती फार उपयोगी आहे, पण प्रत्येक ‘नंतर’मध्ये वेळ जातो. डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलसिस्टिममध्ये ‘डिव्हायसेस डिफर्ड’ नावाची एक फाइल असते. अजून ताटकळत असलेली यंत्रं तिच्यात दिसतात. आम्ही ती वरचेवर बघत राहिलो, आणि शेवटी जीपीआयओ आणि आयटूसी कंट्रोलर पोटातच ठेवले. ते स्वतः काही मिलिसेकंदांत उठतात, कुणाला अडवत नाहीत, आणि टचपॅड पहिल्याच फेरीत जुळतो.

क्रम सैल केला की नावंही हलतात, हे ज्यांना ठाऊक नसतं त्यांना याचा फार त्रास होतो. यूएसबीचा पेनड्राइव्ह लावून बूट केलं तर कधी तो ‘एसडीए’, म्हणजे पहिली डिस्क, होतो, कधी आतली डिस्क. आमच्या इन्स्टॉलरमध्ये एका ठिकाणी डिस्कचं नाव थेट लिहिलेलं होतं, ते बदलून यूयूआयडी, म्हणजे क्रमाबरोबर न बदलणारा ओळख-क्रमांक, घातला. वेग वाढवणाऱ्या कामात असं आजूबाजूचं घर आवरणं खूप असतं आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

ग्राफिक्सचं थोडक्यात सांगतो. लॅपटॉपच्या पडद्याची वीज एकदा बंद केली की पुन्हा देण्याआधी ठरावीक वेळ थांबावं लागतं. ईडीपी या पडद्याच्या जोडणीच्या नियमांत त्यासाठी अर्ध्या सेकंदापर्यंतचा आकडा आहे. हा आकडा पडद्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, त्याच्याशी वाद घालता येत नाही. इंटेलच्या ड्रायव्हरने वेगळी वाट काढली: फर्मवेअरने पडदा आधीच चालू केलेला असेल तर तो बंदच करायचा नाही, आहे त्या स्थितीत ताब्यात घ्यायचा. ५.१ कर्नलपासून स्कायलेक आणि नंतरच्या चिपवर हे आपोआप होतं. आमच्याकडे मात्र बूटच्या ओळीत कुठल्याशा जुन्या मॉडेलवरून आलेला एक पर्याय ही सोय बंद करत होता. तो काढला. मधला काळा पडदाही गेला.

बूटचं गणित इथे वाट्यात बसलं. मग झाकणाची तक्रार.

सगळ्यांचा संशय टचपॅडवर होता, आणि पोच न देणारा टचपॅड नुकताच सापडल्यामुळे तो संशय अधिकच पक्का झाला होता. पण हा ड्रायव्हर झोपेतून उठताना सहसा रीसेट करतच नाही, नुसती ‘जागा हो’ची आज्ञा देतो. तिथे मोजला तेव्हा त्याचा वेळ त्या ६० मिलिसेकंदांच्या जरासा वर निघाला. मग बाण का हलत नाही?

कर्नलच्या सोर्समध्येच पीएम-ग्राफ नावाची साधनं आहेत, त्यातलं स्लीपग्राफ यासाठी फार चांगलं आहे. ते मशीन झोपवतं, उठवतं आणि प्रत्येक यंत्राला उठायला किती वेळ लागला याची पट्टी काढून देतं. ती पट्टी बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची. झोपताना सगळे प्रोग्राम गोठवले जातात, आणि सगळी यंत्रं उठल्याशिवाय ते वितळत नाहीत. पडदा उजळतो तो ड्रायव्हरमुळे. बाण हलवणारा प्रोग्राम मात्र अजून गोठलेलाच असतो. टचपॅड केव्हाच जागा होऊन बोटांची खबर देत असला तरी ती घ्यायला कुणी नसतं. म्हणून उशीर कुठल्याही यंत्राचा असला तरी माणसाला तो टचपॅडचाच दिसतो.

हा प्रकार जुना आहे. पूर्वी फिरत्या डिस्कच्या लॅपटॉपवर डिस्कची तबकडी पूर्ण वेगाने फिरू लागेपर्यंत सगळे खोळंबायचे. २०१४ च्या ३.१५ कर्नलमध्ये ती वाट बघणं बाजूला टाकलं, आणि तेव्हा उठण्याचा वेळ सेकंदांनी कमी झाला. आमच्या मशीनमध्ये फिरती डिस्क नव्हती. पट्ट्यांमध्ये एकच लांब पट्टी होती, एम्बेडेड कंट्रोलर या मदरबोर्डवरच्या छोट्या चिपच्या ड्रायव्हरची. हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला नव्हता, लॅपटॉपसोबत वेगळा आला होता. पंख्याचा वेग, कीबोर्डचा दिवा, चार्जिंगची मर्यादा असल्या गोष्टी तो सांभाळतो.

कोड उघडला तर उठताना तो दोनशेहून जास्त नोंदींचा तक्ता एकेक करून कंट्रोलरला लिहीत होता, आणि प्रत्येक नोंदीनंतर एमस्लीप या थांबवणाऱ्या फंक्शनने १ मिलिसेकंद थांबत होता. वाचताना वाटतं की दोनशे नोंदी म्हणजे दोनशे मिलिसेकंद. पण एमस्लीप कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांवर चालतो. आमच्या कर्नलमध्ये सेकंदाला २५० ठोके, म्हणजे एक ठोका ४ मिलिसेकंदांचा. मागितलेला वेळ वरच्या पूर्ण ठोक्यापर्यंत जातो, आणि कमी पडू नये म्हणून वर आणखी एक ठोका. त्यामुळे १ मागितला की जवळपास ८ मिळतात. दोनशे गुणिले आठ, म्हणजे सोळाशे मिलिसेकंद. शिक्षकांना जाणवणारे दोनेक सेकंद ते हेच. कर्नलच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं की २० मिलिसेकंदांपेक्षा लहान थांब्यासाठी एमस्लीप वापरू नका, यूस्लीप-रेंज वापरा. तो जास्त अचूक टायमरवर चालतो.

थांब्याचा प्रकार बदलला असता तरी वेळ पुष्कळ वाचला असता. पण थांबा का आहे, हे विचारायचं अजून बाकी होतं. एम्बेडेड कंट्रोलरशी बोलायची ठरलेली रीत आहे. ६६ क्रमांकाच्या पोर्टवर त्याची स्थिती वाचायची, ‘आधीचा बाइट अजून घेतला नाही’ सांगणारा बिट उतरला की ६२ क्रमांकाच्या पोर्टवर पुढचा बाइट द्यायचा. हे सगळं नीट करणारं फंक्शन कर्नलच्या एसीपीआय भागात तयार आहे. ड्रायव्हरने ते न वापरता थेट पोर्टवर लिहिलं होतं, आणि कंट्रोलर तयार आहे का हे विचारण्याऐवजी प्रत्येक वेळी अंदाजाने थांबत होता. तयार फंक्शन वापरल्यावर थांब्याची गरजच उरली नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकत होती. झोपेत एम्बेडेड कंट्रोलरची वीज जात नाही. झाकण उघडलं, बटण दाबलं हे त्यालाच कळायचं असतं, म्हणून तो जागाच असतो. मग त्याचा तक्ता दर वेळी नव्याने का लिहायचा? मॅडम म्हणाल्या, “तो विसरत नाही हे दाखवून द्या, मग काढू.” आम्ही झोपवण्याआधी तक्ता वाचून ठेवला, उठल्यावर पुन्हा वाचला, ताडून पाहिला. चार्जर लावून, काढून, बॅटरी अगदी तळाला गेलेली असताना, रात्रभर झोपवून. झोपेतून उठताना तक्ता कधीच बदललेला नव्हता. हायबरनेटमध्ये, म्हणजे मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद केल्यावर, मात्र कधी राहायचा, कधी जायचा. म्हणून आता ड्रायव्हर तक्त्याच्या शेवटी एक खुणेचा बाइट लिहितो. उठल्यावर तो एकच बाइट वाचतो. खूण असेल तर काहीच लिहीत नाही, नसेल तर पूर्ण तक्ता लिहितो. स्लीपग्राफमधली ती पट्टी आता शोधावी लागते.

चाचण्यांचा मोठा भाग थंड बूटसाठी गेला. मशीन रीस्टार्ट केलं तर बऱ्याच चिपची वीज गेलेलीच नसते, त्या आधीच जाग्या असतात आणि सगळं छान दिसतं. खरी परीक्षा चार्जर काढून, पूर्ण बंद करून, काही मिनिटं ठेवून मग चालू केल्यावर होते. शिवाय एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे टचपॅड बसवलेले असतात. बाहेरून फरक दिसत नाही, खोक्यावर मॉडेलचं नाव एकच. दुसऱ्या पुरवठादाराचा टचपॅड पोच व्यवस्थित देत होता, तीही १०० मिलिसेकंदांच्या आत. मॉडेलच्या नावावर सूट दिली असती तर त्या टचपॅडलाही विनाकारण १०० मिलिसेकंद थांबावं लागलं असतं. क्रमांकावर दिल्यामुळे दोघांनाही आपापला न्याय मिळाला.

टचपॅडच्या नोंदीचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मुख्य कर्नलकडे पाठवला तेव्हा त्यासोबत आधीचा आणि नंतरचा लॉग, इंटरप्टच्या मोजणीचा तपशील आणि थंड बूटचे आकडे जोडले. पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता: इंटरप्टची तार एसीपीआयमध्ये चुकीची लिहिलेली नाही ना? बोट ठेवल्यावर वाढणारा आकडा दाखवला, आणि पुढे फारशी चर्चा झाली नाही. तो पॅच माझ्या सहकारिणीच्या नावाने गेला, कारण आयटूसीचे ट्रेस ओळीओळीने वाचण्याचं काम तिने केलं होतं. एम्बेडेड कंट्रोलरचा बदल त्या ड्रायव्हरच्या मूळ लेखकांकडे पाठवला. त्यांनी तो घेतला आणि तक्ता ताडून पाहण्याची आमची स्क्रिप्टही मागून घेतली.

आता लॉगमध्ये जे थांबे उरले आहेत त्यांची यादी मी ठेवली आहे. बोटांचा ठसा वाचणारं यंत्र आतल्या यूएसबीवर आहे. जोडणी १०० मिलिसेकंद स्थिर दिसल्याशिवाय हबचा ड्रायव्हर पुढे जात नाही, आणि त्यानंतर रीसेट. ते हलवायचं कारण नाही, लॉगिनची चौकट त्याच्यासाठी अडत नाही. वायफायचं फर्मवेअर चढायला वेळ घेतं, पण तेही बाजूला चालतं. सगळ्यात लांब हिस्सा आता फर्मवेअरचा आहे, कर्नलचा पहिला बाइट मेमरीत येण्याआधीचा. तिथे काय चाललंय हे आम्हाला बाहेरून दिसत नाही. म्हणून एफपीडीटी या एसीपीआय तक्त्यातल्या वेळांच्या नोंदी काढून मदरबोर्डच्या टीमला पाठवल्या आहेत, आणि नेटवर्कवरून बूट शोधण्याची पायरी शाळांच्या मशीनवर बंद ठेवता येईल का, असं विचारलं आहे. नवीन बायोस, म्हणजे फर्मवेअर, आला की त्याच थंड मशीनवर पुन्हा मोजणी करायची आहे.